वॉटकिन्स ग्लेनला पहिल्यांदा गाडी घेऊन जाताय? आधी ब्रेककडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता, गेल्या वर्षी बीएमडब्ल्यू एम२४०आय घेतलीत, आणि ऑफिसातला एक जण ‘आमच्या क्लबबरोबर वॉटकिन्स ग्लेनला चल’ म्हणून मागे लागलाय. ग्लेन म्हणजे न्यूयॉर्क राज्यातला शर्यतींचा ट्रॅक. ट्रॅकवर तुम्ही कधी गाडी घातलेली नाही. गाडीत काय बदलावं लागेल, खर्च किती येईल, विम्याचं काय, घरी ‘हे काय नवीन खूळ’ म्हणतात त्यांना काय सांगायचं, आणि पुण्यातल्या भावाला तिकडे असं काही करता येईल का, हे तुम्ही विचारलंय. क्लबच्या अशा दिवसांना मी बरीच वर्षं नवख्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शिकवतो. तेव्हा सुचेल तसं, पण सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा गैरसमज काढून टाकू. क्लबचा ट्रॅकवरचा दिवस म्हणजे शर्यत नाही. नंबर लागत नाहीत, बक्षीस नाही, आणि बहुतेक क्लबांत घड्याळ लावून फेरी मोजायलाही बंदी असते. वेळ मोजली की ती स्पर्धा ठरते आणि क्लबच्या विम्याचं सगळं गणित बिघडतं. दिवसाचं नावच मुळी ‘ड्रायव्हिंग स्कूल’ असतं. बीएमडब्ल्यूवाल्यांचा अमेरिकेतला क्लब १९६९ पासून आहे, पोर्शवाल्यांचा १९५५ पासून. त्यांच्या शाखा वर्षभर असे दिवस भरवतात आणि बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या कंपनीच्या गाड्याही घेतात. येणारी माणसं म्हणजे दातांचे डॉक्टर, प्लंबर, बँकेतले लोक, निवृत्त शिक्षिका. शुक्रवारी संध्याकाळी मॉटेलच्या पार्किंगमध्ये पोचा. टॉर्च धरून एकमेकांच्या चाकांत डोकावणारी जी मंडळी दिसतील, तीच ही.

आता गाडी. एम२४०आयला पहिल्या दिवसासाठी काहीही ‘लावू’ नका. एक्झॉस्ट नको, सस्पेन्शन नको, चिकट टायर तर अजिबात नकोत. साधा टायर सुटायच्या आधी ओरडतो आणि हळूहळू सुटतो, म्हणजे तो तुम्हाला सांगून सुटतो. चिकट टायर बराच वेळ गप्प बसतो आणि मग एकदम सोडतो. नवख्याला ओरडणारा टायर हवा. पैसे खर्च करायची खाज असेल, तर ती एकाच जागी भागवा: ब्रेक.

त्याचं कारण आकड्यांतच आहे. गाडीतली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, हे आपण सगळे नववीत शिकलोय. ग्लेनच्या मागच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला तुमची गाडी ताशी १२० मैलांवर असेल, आणि पुढच्या वळणासाठी ती ७० वर आणायची आहे. तुमच्या गावातल्या रूट वन हायवेवर सिग्नल लाल झाला म्हणून ४० वरून शून्यावर येताना ब्रेक जेवढी ऊर्जा गिळतात, त्याच्या जवळजवळ सहापट ऊर्जा या एका दाबात गिळावी लागते. गाडीचं वजन सतराशे किलोच्या आसपास, आत तुम्ही आणि मी. एका फेरीत असे जोरदार दाब चार-पाच, आणि अडीच-पावणेतीन मिनिटांत पुन्हा तेच. सगळ्याची उष्णता होते, आणि ती डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून ते दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये शिरते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळलं पाहिजे असं मानक आहे. तेच ओल धरल्यावर १५५ अंशांपर्यंत आलं तरी मानकात बसतं. दोन-अडीच वर्षं न बदललेलं ऑइल रस्त्यावर काही त्रास देत नाही. ट्रॅकवर मात्र ते उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि तुमचा पाय पेडलसकट खाली जातो. हे अचानक होत नाही, आधी चाहूल लागते. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पेडल आधीपेक्षा अर्धा इंच जास्त खाली जायला लागतं. तुमच्या ते लक्षातही येत नाही, कारण पाय आपोआप जास्त दाबतो. मी शेजारून तुमच्या उजव्या गुडघ्याकडे बघत असतो. तो प्रत्येक फेरीला थोडा जास्त सरळ व्हायला लागला की मी म्हणतो, ‘ही फेरी सावकाश, मग आत.’

याच्याच भावकीतला दुसरा प्रकार म्हणजे पॅड तापून गुळगुळीत पडणं. त्यात पेडल दगडासारखं घट्ट राहतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही, आणि करपट वास येतो. पेडल मऊ पडलं तर ऑइल, पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल तर पॅड, एवढं डोक्यात ठेवा. उपाय दोन्हींवर तोच: पाय आवरा, एक-दोन फेऱ्या ब्रेक जवळजवळ न वापरता वारा लागू द्या, आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, या.

तेव्हा जायच्या आधी दोन-तीन आठवडे एवढं करा. ब्रेक ऑइल पूर्ण बदलून घ्या. ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंगचं ऑइल मिळतं, बाटली काही फार महाग नाही. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. बहुतेक क्लब एक तपासणी फॉर्म पाठवतात, तो मेकॅनिककडून भरून, सही घेऊन न्यायचा असतो. ऑइल गेल्या सहा महिन्यांत बदललंय का, हा त्यातला नेहमीचा प्रश्न. गाडी उचलूनही न बघता सही ठोकून देणारे मेकॅनिक असतात. तुमच्या समोर चाकं काढून बघणारा शोधा.

बाकीचं भराभर सांगतो. चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळा (तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल) आणि तो पाना बरोबर न्या. टायरमध्ये हवा सकाळी थंड असताना नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड कमी ठेवा, कारण दोन फेऱ्यांत ती पाच-सात पौंड चढते. हेल्मेट स्नेल या चाचणी संस्थेच्या ‘एसए’ शिक्क्याचं लागतं, २०२० चं किंवा त्यानंतरचं घ्या. मोटारसायकलचं हेल्मेट बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण ‘एसए’ हेल्मेटला आगीची चाचणी असते आणि रेसिंगच्या गाडीत आत बसवलेल्या पिंजऱ्याच्या लोखंडावर एकाच जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटेल हे त्यात धरलेलं असतं. पहिल्या दिवसासाठी क्लबकडे उसनं किंवा भाड्याने मिळतं का विचारा. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट, पातळ तळव्याचे बूट. नायलॉन नको, ते वितळून कातडीला चिकटतं. आणि गाडी पूर्ण रिकामी करा. डिकीतली छत्री, मुलाची सीट, दाराच्या खणातली पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचा गणपती आणि ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट, सगळं बाहेर. गणपतीला पाकिटात ठेवा, तिथेही तो लक्ष ठेवतो. सुटी बाटली ब्रेक पेडलखाली गेली तर त्याचाही इलाज चालणार नाही.

विम्याबद्दल गोड बोलत नाही. अमेरिकेतल्या वैयक्तिक मोटार विम्यात रेसिंगसाठी बांधलेल्या ट्रॅकवरचं नुकसान वगळणारं कलम बहुतेक वेळा असतंच, मग तुम्ही शर्यत करत असा की शाळा. कुणी ‘माझ्या पॉलिसीत तसं नाही’ म्हणालं तर ते त्याच्या पॉलिसीबद्दल आहे. आपली पॉलिसी काढून वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. एका दिवसापुरता किंवा वीकेंडपुरता ट्रॅकचा वेगळा विमा मिळतो. गाडीच्या किमतीवर हप्ता ठरतो आणि नुकसानातला काही टक्के वाटा तुमच्याकडे राहतो. कर्जावर घेतलेली नवी गाडी असेल तर तो घेतल्याशिवाय जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय गार्डरेल (ट्रॅकच्या कडेचा लोखंडी कठडा) वाकला तर त्याच्या दुरुस्तीचं बिल काही ट्रॅक चालकाच्या नावे पाठवतात, तेही सही करायच्या आधी वाचा. माझा स्वतःचा हिशेब सोपा आहे: जी गाडी उद्या भंगारात गेली तर मला झोप लागणार नाही, ती मी तिथे नेत नाही.

खर्च: दोन दिवसांच्या वीकेंडला ग्लेनसारख्या मोठ्या ट्रॅकवर नोंदणीचे साधारण सहाशे ते नऊशे डॉलर, वर मॉटेल, विमा आणि पेट्रोल. पेट्रोल जास्तच धरा. वीस-पंचवीस मिनिटांची चार सत्रं, एका सत्रात सातेक फेऱ्या, एक फेरी ३.४ मैलांची, म्हणजे दिवसाला शंभराच्या आसपास मैल. पण ट्रॅकवर गॅलनला आठ-दहा मैल मिळाले तरी नशीब, तेव्हा दिवसाला जवळजवळ एक टाकी. टाकी पाव झाली की लांब वळणांत इंजिन आचके द्यायला लागतं, म्हणून दुपारी गावात जाऊन भरून घ्या.

दिवस कसा जातो ते सांगतो. एडिसनहून चार-साडेचार तासांचा रस्ता, त्यामुळे आदल्या रात्रीच पोचा. सकाळी साडेसहाला फाटक उघडतं. गाडीची पुन्हा एक चटकन तपासणी, मग चालकांची बैठक. ही चुकवली तर त्या दिवशी ट्रॅकवर सोडत नाहीत, मग तुम्ही कितीही ओळखीचे असा. झेंडे तिथे समजावून सांगतात. पिवळा म्हणजे पुढे काहीतरी घडलंय, वेग कमी आणि कुणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे आरशात बघून, दचके न देता बाजूला थांबायचं, शक्यतो झेंडेवाला दिसेल अशा जागी. काळा झेंडा गुंडाळून तुमच्याकडे रोखला तर आत या, तुमच्याशी बोलायचंय. निळ्यावर पिवळा तिरका पट्टा म्हणजे मागे कुणीतरी खोळंबलाय. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा म्हणजे रस्त्यावर तेल किंवा कचरा. पहिल्या फेरीत गाडी गरम करता करता फक्त झेंडेवाल्यांच्या चौक्या शोधायच्या आणि प्रत्येकाला हात करायचा. ते बिचारे दिवसभर उन्हापावसात तुमच्यासाठीच उभे असतात.

गट अनुभवानुसार असतात. तुम्ही सगळ्यात नवख्या गटात, आणि शेजारी तुमचा शिकवणारा. दोघांच्या हेल्मेटमध्ये बोलायचं यंत्र. त्याला आधीच सांगा: कशाची भीती वाटते, पूर्वी कधी बर्फावर गाडी फिरली होती का, गाडीत बसून मळमळतं का. सगळ्यात अवघड विद्यार्थी घाबरणारा नसतो. सतरा वर्षं टर्नपाइक हायवेवर एकही अपघात न करता गाडी चालवलेला आणि त्यामुळे ‘मला येतं’ म्हणणारा अवघड असतो.

मी पहिल्या सत्रात काय शिकवतो? डोळे. बाकी काही नाही. ताशी १०० मैलांना गाडी सेकंदाला १४७ फूट जाते. तुम्ही बॉनेटच्या पुढच्या डांबराकडे बघत असाल तर जे दिसतंय ते तुमच्या हातून आधीच गेलेलं आहे. वळणात तीन खुणा असतात, क्लब तिथे शंकू ठेवतो: वळायला सुरुवात करायची जागा, आतली कड जिथे चाक चाटून जायचं ती जागा, म्हणजे एपेक्स, आणि बाहेर पडायची जागा. पहिल्या शंकूपाशी पोचायच्या आधी नजर दुसऱ्यावर, दुसऱ्यापाशी पोचायच्या आधी तिसऱ्यावर. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात माणसाची मान वळत नाही. मी हात लांब करून विंडशील्डच्या उजव्या टोकाकडे, कधी कधी थेट तुमच्या बाजूच्या काचेकडे बोट दाखवतो, ‘तिकडे बघ, तिकडे.’ मान वळली की हात आपोआप गुळगुळीत होतात. गार्डरेलकडे टक लावून बघणारा गार्डरेलकडेच जातो, हा कुठल्याही ट्रॅकवरचा अनुभव आहे.

दुसऱ्या सत्रापासून ब्रेक. रस्त्यावर आपण ब्रेक हळू लावतो आणि थांबेपर्यंत वाढवत नेतो. इथे उलट. गाडी सरळ असताना सुरुवातीलाच घट्ट दाब, आणि वळण जवळ येईल तसा पाय हळूहळू सोडत आणायचा. मग वळायचं, आणि स्टेअरिंग सरळ होत जाईल तसा ॲक्सिलरेटर उघडायचा. पहिल्या दिवशी वळणात ब्रेक नको, आणि वळणात एकदम पाय काढणंही नको. वेग जास्त झालाय हे वळणाच्या मध्यात कळलं आणि पाय झटकन उचललात, तर वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं बूड पुढे यायला निघतं. नवख्यांच्या बऱ्याचशा गिरक्या अशाच होतात, जास्त वेगापेक्षा घाबरून उचललेल्या पायामुळे. म्हणून वेग जो काही कमी करायचा तो आधी, सरळ रेषेत, भरपूर. तिथे दहा मैल जास्त कमी केलेत तर तुमची काही सेकंदं जातील, आणि ती तसंही कुणी मोजत नाहीये.

हे ग्लेनला जास्तच लागू आहे. १९४८ मध्ये इथली पहिली शर्यत झाली ती गावातल्या सार्वजनिक रस्त्यांवर, ६.६ मैलांची फेरी. कॅमरॉन आर्गेटसिंगर नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याच्या डोक्यातून ती निघाली, आणि फेरीत रेल्वेचं फाटक होतं म्हणून त्या दिवशी आगगाड्या थांबवल्या होत्या. १९५२ मध्ये एका लहान मुलाचा जीव गेला आणि गावातून शर्यती बंद झाल्या. आजचा ट्रॅक टेकडीवर आहे, १९५६ चा, १९७१ मध्ये वाढवलेला. १९६१ ते १९८० अमेरिकेची फॉर्म्युला वन इथे व्हायची. जुना रस्ता अजून गावात तसाच आहे. शनिवारी संध्याकाळी कायदेशीर वेगाने एक चक्कर मारून या, दगडी पूल लागतो, बघण्यासारखा आहे.

ट्रॅकवर पहिलं वळण उजवीकडे, त्याला ‘नाइन्टी’ म्हणतात. ते उताराचं आहे आणि बाहेर पडताना बाजूला डांबर आहे, म्हणजे चूक पचते. त्यानंतरचे चढाचे एसेस, म्हणजे उजवं-डावं-उजवं, हे ग्लेनचं खरं रूप. दोन्ही बाजूंना निळे गार्डरेल अगदी अंगाला येतात, गवताची पट्टी नावापुरती, आणि चढामुळे पुढचं वळण दिसतच नाही. इथेच १९७३ मध्ये सरावात फॉर्म्युला वनचा चालक फ्रान्स्वा सेव्हेर गेला. त्याचा संघसहकारी जॅकी स्टुअर्टची ती शंभरावी शर्यत ठरणार होती, ती तो पळालाच नाही. हे भीती घालायला सांगत नाही. एसेसमध्ये पाय उचलायचा नाही, म्हणून तिथे इतक्याच वेगाने शिरायचं की उचलावासा वाटणार नाही, एवढ्यासाठी सांगतो. पहिल्या दिवशी चौथ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर अर्धाच धरून, एका लयीत वर जा. गाडी स्वतःच चढत जाते.

वर गेल्यावर मागचा सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला ‘बस स्टॉप’. १९९१ मध्ये तिथल्या वळणावर नॅस्कार शर्यतींचा चालक जे. डी. मॅकडफी गेला, त्यानंतर वेग मोडायला हा चार वळणांचा नागमोड घातला. इथलं ब्रेकिंग दिवसातलं सगळ्यात मोठं. मग लांब उजवं वळण, ते संपता संपेना, आणि तिथून उतार ‘बूट’मध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बुटाच्या आकाराच्या भागात. बुटाच्या लेसजवळचं सहावं वळण डावीकडे आणि उताराचं, त्यामुळे ब्रेक नेहमीपेक्षा लवकर. नवखे इथे हमखास उशीर करतात, कारण सपाटीवर सवय झालेली खूण ते उतारावर वापरतात. नववं वळण बाहेरच्या अंगाला कललेलं आहे, तिथे धीर धरा. दहाव्या-अकराव्याला घाई झाली की पिटच्या समोरच गवतात जायला होतं आणि सगळे बघतात.

दोन चाकं कडेच्या गवतात गेलीच तर एकच नियम: स्टेअरिंग सरळ, पाय हळूच वर, गाडी मंदावू द्या, मग सावकाश परत. झटका देऊन डांबरावर यायला गेलात की चाकांना एकदम पकड मिळते आणि गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या गार्डरेलमध्ये जाते. मोडतोड होते ती बहुधा या दुसऱ्या झटक्याने. आणि गाडी फिरलीच, सावरत नाही असं दिसलं, तर ब्रेक पूर्ण दाबून धरा (मॅन्युअल असेल तर क्लचसुद्धा) आणि ती थांबेपर्यंत सोडू नका. स्थिरतेची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिवसभर चालूच ठेवा. ती बंद करा असा सल्ला देणारे पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, भेटतील. त्यांना हसून दाद द्या.

ओलांडण्याबद्दल. नवख्या गटात ओलांडायचं ते ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यांवरच, आणि पुढच्याने हात दाखवल्याशिवाय नाही. म्हणून काचा खाली असतात. घाटात एसटीचा ड्रायव्हर हात बाहेर काढून मागच्याला ‘जा’ म्हणतो ना, अगदी तसंच: ज्या बाजूने जायचं तिकडे बोट, एका गाडीला एक खूण, आणि तो जाताना तुम्ही पाय किंचित उचलायचा म्हणजे तो पटकन निघून जातो. आपल्या लोकांना, त्यातही पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्यांना, साइड देणं जिवावर येतं. तीस वर्षं जुनी, तुमच्या एक तृतीयांश ताकदीची माझदा मियाटा आरशात दिसायला लागेल आणि वाटेल, हिला कशाला द्यायची? द्या. सरळ पट्ट्यावर तुम्ही तिला मागे टाकता हे खरं, पण प्रत्येक वळणात ती तुमच्या बंपरला येऊन चिकटते, कारण तो बाबा तुमच्यापेक्षा चांगली चालवतो. आणि साइड दिल्यावर त्याच्या मागून दोन वळणं जा. त्याचे ब्रेकचे दिवे कुठे लागतात ते बघा. शिकवणाऱ्याच्या अर्ध्या तासाच्या बडबडीइतकं त्यात मिळतं.

पाऊस आला तर घरी जाऊ नका. कोरड्यात गाडी न्यायची जी ओळ बरोबर असते तिच्यावर रबर घासून बसलेलं असतं आणि ओल्यात ती तेल सांडल्यासारखी निसरडी होते, म्हणून बाहेरून, न वापरलेल्या डांबरावरून जायचं. वेग कमी, चुका स्वस्त. नवख्यासाठी मला ओला दिवस जास्त आवडतो.

सत्र संपवताना शेवटची फेरी सावकाश, ब्रेकला शक्यतो हात न लावता. पॅडॉकमध्ये हॅण्डब्रेक ओढू नका. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर दाबून धरला की त्याचा थर एका जागी चिकटतो आणि मग पेडल थरथरतं. ‘पी’मध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. तुमच्या गाडीत हॅण्डब्रेक इलेक्ट्रिक आहे, इंजिन बंद केल्यावर तो आपोआप लागतो का ते घरीच बघून ठेवा. बोल्ट गाडी थंड झाल्यावर तपासा. पाणी पीत राहा. चौथ्या सत्राला डोकं जड वाटलं तर गाडी आत ठेवा. दिवसातल्या बऱ्याच गिरक्या दुपारी तीननंतर होतात, कारण अंगात आत्मविश्वास आलेला असतो आणि लक्ष उडालेलं असतं.

घरच्यांना काय सांगायचं? मी दोन गोष्टी सांगेन. एक, तुम्हाला एका शनिवारात जोरात ब्रेक कसा लावायचा आणि घसरणारी गाडी कशी वाटते हे कळेल, आणि ते बर्फाळ सकाळी २८७ हायवेवर उपयोगी पडेल. दुसरी, हा निर्धोक छंद आहे असं त्यांना सांगू नका. तो नाही. कागदावर सही करताना तेच लिहिलेलं असतं. विमा घेतलाय, गाडी तपासलीय, शिकवणारा शेजारी आहे, हे दाखवा. आणि त्यांना घेऊन या. गावातच घळ आहे, दोन मैलांच्या आत एकोणीस धबधबे. मुलं तिथे खूश, आणि तुमच्या सत्राला प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसतील.

घरी जाताना टायरमध्ये हवा पुन्हा नेहमीइतकी भरा, थंड झाल्यावर ती बरीच कमी भरते. पहिला तासभर हायवेवर ६५ हा वेग चालल्यासारखा वाटतो, म्हणून क्रूझ कंट्रोल लावून टाका. न्यूयॉर्कच्या ट्रूपरला (राज्याच्या पोलिसाला) तुमच्या गाडीवरचा नंबरचा स्टिकर फार आवडतो, तो निघायच्या आधी काढा.

आता भावाचं. पुण्याहून ताम्हिणीत पहाटे गाडी दाबणं हा याला पर्याय नव्हे. समोरून दूधवाला येतो. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगचे कार्यक्रम झालेत, पण ते सरळ रेषेचं काम. वळण त्यात नाही. त्याला हवाय तो ट्रॅक दक्षिणेत आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा, १९९० पासून चालू असलेला, कोइम्बतूरला २.१ किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे, आखूड आणि वळणांचा, नवख्याला खरं तर तोच बरा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झाली, पण तिथल्या लांब सरळ पट्ट्यावर साधी गाडी नको तितका वेग घेते आणि मग वर सांगितलेलं ब्रेकचं सगळं आलं. पैसे भरायच्या आधी त्याने आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात: शेजारी शिकवणारा बसतो का, प्रत्येक वळणावर झेंडेवाला आहे का, आणि ॲम्ब्युलन्स ट्रॅकवर उभी असते की फोन केल्यावर येते. तिसऱ्याचं उत्तर ‘फोन केल्यावर’ असेल तर त्या दिवशी घरीच थांबलेलं बरं. चेन्नईला जायचं तर जानेवारी-फेब्रुवारी धरावा, त्याआधी पाऊस आणि नंतर उकाडा. आणि पुण्याहून ते बाराशे किलोमीटर आहे, त्यामुळे परतीला गाडी चालवायला बरोबर दुसरा कुणीतरी असू दे.